नोट आणि नोंद

आपल्या कॉलेजच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर एक छोटा डबा ठेवलेला असतो. आपण स्कॅन केलं की तो मराठीत ओरडतो, "दहा रुपये प्राप्त झाले." आम्ही कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुली मराठी आकडे खरं म्हणजे या डब्याकडूनच शिकतो आहोत. नाहीतर 'एकोणसाठ' म्हटलं की फिफ्टी-नाईन की सिक्स्टी-नाईन, हा हिशोब डोक्यात सुरू होतो! असो. तर हा डबा ऐकून आपण सगळे म्हणतो की आता पैसा डिजिटल झाला, नोटांचे दिवस गेले. होस्टेलमध्ये जेवणानंतर या विषयावर गरमागरम चर्चा होतात. पण नीट ऐकलं तर लक्षात येतं की प्रत्येक जण 'डिजिटल पैसा' हा शब्द वेगळ्याच गोष्टीसाठी वापरतो आहे. म्हणून वाद घालण्याआधी हा विषय जरा अभ्यासाच्या अंगाने पाहू या.

स्कॅन केल्यावर काय होतं?

समजा तुम्ही टपरीवर दहा रुपये स्कॅन केले. त्या चौकोनी क्यूआर कोडमध्ये पैसे नसतात, फक्त टपरीवाल्या भाऊंचा पत्ता असतो, म्हणजे त्यांचा यूपीआय आयडी. तुमचं अ‍ॅप तो पत्ता आणि रक्कम घेऊन एक निरोप तयार करतं. हा निरोप अ‍ॅपच्या मागे असलेल्या बँकेतून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या, म्हणजे एनपीसीआयच्या स्विचकडे जातो. स्विच तुमच्या बँकेला विचारतो, पिन बरोबर आहे का, खात्यात दहा रुपये आहेत का? तुमची बँक दहा रुपये वजा करते आणि 'हो' म्हणते. मग स्विच भाऊंच्या बँकेला सांगतो, यांच्या खात्यात दहा जमा करा. ती 'केले' म्हणते. मग दोन्ही मोबाईलवर मेसेज येतो आणि डबा ओरडतो. चहा गाळून होईपर्यंत हे सगळं उरकलेलं असतं. दोन बँकांचं आपसातलं देणं-घेणं मात्र त्या क्षणी फिटत नाही. दिवसातून ठरावीक वेळा सगळ्या बँकांचा हिशोब एकत्र होतो आणि निव्वळ फरक तेवढा रिझर्व्ह बँकेतल्या त्यांच्या खात्यांमधून चुकता होतो.

आता सांगा, यात पैसा कुठे हलला? हलले ते निरोप. दोन बँकांच्या दोन वह्यांमध्ये एक-एक नोंद झाली, एका ठिकाणी वजा, दुसऱ्या ठिकाणी अधिक.

याउलट दहाची नोट घ्या. आपल्या नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. ती नोट तुमच्या हातातून भाऊंच्या हातात गेली की व्यवहार संपला. रेंज लागत नाही, बॅटरी लागत नाही, कोणा तिसऱ्याला विचारावं लागत नाही. नोट कोणाचं नावही विचारत नाही.

या लेखात मला जे म्हणायचं आहे ते या एका फरकावर उभं आहे. नोट आपल्या खिशात असते, नोंद दुसऱ्याच्या वहीत असते. नोटेकडून नोंदीकडे जायचं असेल तर आधी पाहिलं पाहिजे की ती वही कोणाची आहे, ती कधी उघडी असते, आणि त्याच वहीत आपल्या नावावर आणखी काय काय लिहिलेलं आहे. 'फास्ट आहे', 'सोयीचं आहे' हे सगळं त्यानंतर.

वऱ्हाडाला हे नवीन नाही

गंमत म्हणजे नोंदीवर चालणारा पैसा आपल्या भागाला नवा नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला. १८६७ मध्ये जी.आय.पी. रेल्वे नागपूरला पोचली. आपल्या धामणगावच्या नावाला 'रेल्वे' चिकटलं ते याच लाईनीमुळे. कापूस गाडीनं मुंबईला जायचा. पण त्याच्या बदल्यात दर वेळी चांदीच्या रुपयांच्या थैल्या आणायच्या म्हणजे धोका आणि खर्च दोन्ही. त्यावर उपाय होता हुंडी.

अमरावतीच्या पेढीनं मुंबईच्या पेढीवर चिठ्ठी लिहायची की अमुक रक्कम द्यावी. दाखवताच पैसे द्यायचे ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती. धनीजोग हुंडीचे पैसे धन्याला, आणि शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहामार्फतच, म्हणजे चिठ्ठी चोराच्या हाती लागली तरी त्याला वटवता येऊ नये. हुंडी हरवली तर तिची नक्कल लिहून द्यायची तिला पैठ म्हणत, पैठ हरवली तर परपैठ. यातला कुठलाही एक कागद वटला की बाकीचे रद्द. कॉम्प्युटर शाखेच्या मित्रांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. एकच पैसा दोनदा खर्च होऊ नये, ज्याला आपण डबल स्पेंडिंगचा प्रॉब्लेम म्हणतो, तो पेढ्यांनी कागद आणि शाईवर सोडवून ठेवला होता.

पण हुंडी चालायची ती पत असणाऱ्याची. ज्यानं कापूस पिकवला तो कास्तकार त्या जगात नव्हता. त्याच्या वाट्याला आली सावकाराची वही, आणि त्या वहीत काय लिहिलं आहे हे बहुतेकांना वाचता येत नव्हतं. १८८६ मध्ये कारंज्याचा बाजार नियमांखाली आला, १८९७ मध्ये वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदा झाला. मँचेस्टरला चांगला कापूस हवा होता हे त्यामागचं एक कारण होतंच. पण माप आणि हिशोब चारचौघांसमोर व्हावा, ही गोष्ट तेव्हापासून कागदावर आली. सांगायचा मुद्दा असा की वहीवर विश्वास ठेवण्याची पाळी आपल्याकडे पहिल्यांदा येत नाहीये.

धसईची गोष्ट

८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या. चलनातल्या नोटांपैकी किमतीनं ८६ टक्के नोटा त्या रात्री बाद ठरल्या. मी तेव्हा पाचवीत होते, त्यामुळे मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. पण खेड्यांवर दुसरा घाव पुढच्याच आठवड्यात बसला. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेनं जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारायला मनाई केली, आणि शेतकऱ्यांची खाती नेमकी तिथेच! दिवस ऐन कापसाच्या हंगामाचे. राज्यातल्या अनेक बाजार समित्यांचे व्यवहार काही दिवस ठप्प झाले. नगदीचा भाव एक आणि चेकचा भाव दुसरा, असे दोन भाव त्या हंगामात विदर्भात ऐकू येत होते. म्हणजे एकाच दिवशी, एकाच कापसासाठी, हजार रुपयांची नोट आणि हजार रुपयांची नोंद यांची किंमत सारखी नव्हती. अर्थशास्त्राच्या पुस्तकात नसलेला हा धडा आपल्या वडिलांच्या पिढीनं फुकटात शिकून घेतला (फुकटात म्हणजे स्वतःच्या खर्चानं).

त्याच वेळी, १ डिसेंबर २०१६ ला, ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातलं धसई हे महाराष्ट्रातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकानं पुढाकार घेतला, बँक ऑफ बडोदानं दुकानदारांना कार्ड स्वाईप करायची मशीन दिली, तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार उद्घाटनाला आले. टीव्हीवर धसई गाजलं. वर्षभरानंतर पत्रकार पुन्हा गेले तेव्हा गावाचे बहुतेक व्यवहार परत नगदीत चालले होते. नेटवर्क धड नव्हतं, मशीन सगळ्यांकडे नव्हती. गावकऱ्यांनी डिजिटलला विरोध केला असं काही झालं नाही. वही उघडतच नव्हती, मग माणसं नोटेकडे गेली, एवढंच.

मग तीच माणसं पुढच्या काही वर्षांत क्यूआर कोड कशी वापरायला लागली? मला यात तीन गोष्टी दिसतात. स्वाईप मशीनला पैसे पडतात आणि क्यूआर कोड म्हणजे छापलेला कागद. मोबाईल डेटा स्वस्त झाला. आणि १ जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून घ्यायचं शुल्क शून्य झालं. त्यात लॉकडाऊन आलं आणि नोटेला हात लावायची सुद्धा लोकांना भीती वाटू लागली. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयवर ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यात १००० कोटींच्या वर व्यवहार झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २००० कोटींच्या वर.

आता या आकड्यापुढे दुसरा आकडा ठेवा. मार्च २०१६ अखेर देशात सुमारे १६.४ लाख कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. मार्च २०२५ अखेर त्या ३६ लाख कोटींच्या वर गेल्या. नोटा कमी व्हायच्या ऐवजी दुपटीहून जास्त! यातल्या ८० टक्क्यांहून अधिक किमतीच्या नोटा पाचशेच्या आहेत. म्हणजे यूपीआयनं आपल्या खिशातले सुट्टे घेतले. कपाटातली, डब्यातली, लुगड्याच्या घडीतली नोट मात्र तिथेच राहिली. लोक मूर्ख आहेत म्हणून असं झालं असं आपल्या काही सिनिअर्सचं मत आहे. मला ते पटत नाही, कारण पुढे सांगते.

ई-रुपया म्हणजे काय?

१ डिसेंबर २०२२ ला, म्हणजे धसईनंतर बरोबर सहा वर्षांनी, रिझर्व्ह बँकेनं सर्वसामान्यांसाठी डिजिटल रुपयाचा प्रयोग सुरू केला. सुरुवात मुंबई, नवी दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वर या चार शहरांत. त्याआधी २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात बदल करून 'बँक नोट' या शब्दात डिजिटल नोटही बसवली गेली होती. यूपीआय आणि ई-रुपया यांत पुष्कळांचा घोळ होतो. यूपीआयनं जे जातं ते तुमच्या बँकेकडे असलेलं तुमचं येणं. ई-रुपया मात्र थेट रिझर्व्ह बँकेचं देणं आहे, जसं नोटेवर गव्हर्नरांच्या सहीनं लिहिलेलं असतं तसं. दहा, वीस, शंभर अशा नोटांच्याच किमतीत तो मोबाईलच्या पाकिटात येतो. त्याच्यावर व्याज मिळत नाही, जसं खिशातल्या नोटेवर मिळत नाही.

इंजिनिअरच्या दृष्टीनं प्रश्न असा आहे की फाईल कॉपी करता येते, मग डिजिटल नोट कॉपी का करता येऊ नये? यावर १९८३ मध्ये डेव्हिड चॉम या अमेरिकन संशोधकानं एक सुंदर युक्ती मांडली, ब्लाइंड सिग्नेचर. समजा तुम्ही एका कागदावर स्वतः निवडलेला नंबर लिहिला आणि तो कार्बन पेपरसकट पाकिटात बंद केला. बँकेनं पाकिटावर सही केली, सही आत उमटली, पण नंबर बँकेला दिसला नाही. पुढे दुकानदार तो कागद घेऊन बँकेत आला तर बँक आपली सही ओळखते आणि हा नंबर आधी आलेला नाही ना एवढं तपासते. पैसा खरा हे कळतं, कोणाच्या खिशातून आला हे कळत नाही. चॉमची डिजीकॅश ही कंपनी १९९८ मध्ये बुडाली, पण गणित आजही चुकलेलं नाही. म्हणजे नोटेसारखा, नाव न विचारणारा डिजिटल पैसा बनवता येतो. बनवायचा की नाही हा निर्णय मात्र गणिताचा नाही. आपल्या रिझर्व्ह बँकेचा विचार लहान रकमा नोटेसारख्या निनावी आणि मोठ्या रकमांचा माग लागेल असा आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत तिनं नेटवर्कशिवाय चालणारा ई-रुपया आणि ठरावीक कामालाच खर्च करता येईल असा ई-रुपया, या दोन्हींची घोषणा केली. पहिली गोष्ट मला हवीहवीशी वाटते. दुसरी ऐकून मला मेसचं कूपन आठवतं. त्या कूपनावर फक्त जेवण मिळतं, औषध मिळत नाही.

वही कोणाची?

आता मुख्य मुद्द्याकडे. माझ्या रूममेटचे वडील शेतकरी आहेत. त्यांना मी विचारलं, "काकाजी, तुम्हाला चुकारा खात्यात का नको वाटतो?" ते हसले. म्हणाले, "पोरी, खात्यात आला का थो पह्यले कर्जाले दिसते, मंग मले दिसते." कॉमर्सच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा हे वाक्य मला जास्त शिकवून गेलं. पीककर्ज आणि बचत खातं एकाच बँकेत असतं. पैसे खात्यात आले की देणेकऱ्याच्या समोरूनच जातात. थकबाकी असेल तर खात्यावर होल्ड लागतो, आणि मग पैसे दिसतात पण काढता येत नाहीत. अतिवृष्टीची मदत आणि विम्याचे पैसे कर्जात वळते करू नका, अशा सूचना राज्य सरकारला बँकांना पुन्हा पुन्हा द्याव्या लागल्या आहेत. सूचना पुन्हा पुन्हा द्यावी लागते याचा अर्थ काय तो वाचकांनीच काढावा. कर्ज फेडलं पाहिजे हे काकाजींनाही मान्य आहे. पण आधी पुढच्या पेरणीचं बियाणं की आधी हप्ता, हा क्रम नगद हातात असेल तर ते ठरवतात, आणि नोंद असेल तर वहीवाला ठरवतो.

हे फक्त शेतकऱ्यांचं नाही. सायबर फसवणुकीचा पैसा फिरत फिरत एखाद्या फळवाल्याच्या खात्यात दोनशे रुपयांच्या रूपानं आला, तरी पोलीस तपासात त्याचं खातं गोठल्याची उदाहरणं देशभर आहेत. २०२५ च्या जुलैमध्ये बंगळुरूच्या छोट्या दुकानदारांनी 'यूपीआय नाही, फक्त कॅश' अशा पाट्या लावल्या, कारण यूपीआयच्या नोंदींवरून त्यांना जीएसटीच्या नोटिसा आल्या होत्या. कर भरायलाच हवा, त्यात वाद नाही. पण नोंद कोण वाचतो याची जाणीव त्यांना नोटीस आल्यावर झाली.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी नोटांच्या बाजूची आहे. पण आमच्या लेडीज होस्टेलच्या मेसमधल्या काकूंचं ऐका. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे पंधराशे रुपये २०२४ पासून त्यांच्या खात्यात येतात. त्या म्हणतात, "हातात देल्ले असते तं घरच्यानं कवाच नेले असते. खात्यात हायेत म्हनून माहे हायेत." नोट नाव विचारत नाही हा तिचा जो गुण मी वर सांगितला, तोच काकूंच्या घरात तिचा दोष आहे. ज्याच्या मनगटात जोर त्याची नोट. नोंदीवर मात्र काकूंचं नाव आहे आणि पिन त्यांना एकटीला माहीत आहे. अर्थात त्याच योजनेचे पहिले हप्ते आले तेव्हा काही बँकांनी किमान शिल्लक आणि जुने दंड या नावानं त्यातून पैसे कापल्याच्या तक्रारी झाल्या, आणि असं करू नका म्हणून सरकारला सांगावं लागलं. म्हणजे नवऱ्यापासून वाचलेले पैसे वहीवाल्यानं घेतले! तरीही काकूंना खातंच हवं आहे, आणि त्यांचं मत मला काकाजींच्या मताइतकंच वजनदार वाटतं. दोघंही एकच गोष्ट पाहतात, आपला पैसा मधल्यामध्ये कोण अडवू शकतो. फक्त दोघांचा अडवणारा वेगळा आहे.

बाहेरच्या जगाचं एकच उदाहरण देते. युरोपात पहिल्या बँक नोटा १६६१ मध्ये स्वीडननं काढल्या, आणि आज नोटा जवळपास सोडलेला देशही तोच आहे. तिथल्या सरकारनं २०१८ मध्ये घरोघरी एक पुस्तिका वाटली, संकट किंवा युद्ध आलं तर काय तयारी ठेवावी याची. पाणी, अन्न, बॅटरीवरचा रेडिओ यांच्याबरोबर त्यात काय लिहिलं होतं? लहान किमतीच्या नोटा घरात ठेवा! जे देश पुढे गेले ते मागचा दरवाजा उघडा ठेवून गेले आहेत.

आपल्या रोजच्या उपयोगाचं एक सांगून ठेवते, कारण होस्टेलवर दर आठवड्याला कोणीतरी रडत असतं. २० सप्टेंबर २०१९ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे, यूपीआयनं तुमच्या खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराला मिळाले नाहीत, तर ते पाच दिवसांत आपोआप परत आले पाहिजेत. मित्राला पाठवलेले अडकले तर एका दिवसात. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती मागावी लागू नये असा नियम आहे. फसवणूक झाली तर तासाभरात १९३० ला फोन. खोलीत नेट नसेल किंवा घरी आजीकडे साधा फोन असेल, तर मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे, त्याला इंटरनेट लागत नाही. हे आपल्या आजी-आजोबांना आपणच शिकवायला हवं, बँकेतल्या रांगेत त्यांना कोणी शिकवणार नाही.

आणि एक निरीक्षण. सीसीआयला कापूस विकायचा तर पैसे खात्यातच येतात, २०२५ च्या हंगामापासून त्याची नोंदणी सुद्धा 'कपास किसान' अ‍ॅपवर करावी लागते. म्हणजे शेतकऱ्याकडे येणारा पैसा पूर्ण डिजिटल. पण तो कापूस वेचणाऱ्या बायांना वेचाई किलोवर मिळते, आणि त्यांना ती आठवडी बाजाराच्या आधी हातात हवी असते. मग काकाजी एक दिवस मोडून, गाडीत पेट्रोल टाकून, बँकेत जाऊन नगद काढून आणतात. त्या बायांना मी विचारलं की मोबाईलवर का घेत नाही. एकीनं सांगितलं की घरात मोबाईल एकच आहे, आणि तो पोरगा घेऊन पुण्याला गेला आहे.

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)